पेरिगोरमधली जुनी गढी आणि तीन कॉटेज विक्रीला: घ्यावी की नाही?

मृण्मयी_तुलूझ

नमस्कार मंडळी,

आम्ही तीन कुटुंबं, दोन इथे तुलूझला विमान कारखान्यात नोकरीला असलेली आणि एक इंग्लंडात स्लाऊला. एकत्र मिळून एखादं जुनं घर घ्यायचं असं बऱ्याच दिवसांपासून घोळतंय. आता एक घर मनात भरलंय, आणि पाऊल उचलण्याआधी इथल्या जाणत्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

घर दोर्दोन्य जिल्ह्यात आहे, म्हणजे जुना पेरिगोर प्रांत. मोंपाझिएपासून फार लांब नाही. मूळ गढी सोळाव्या शतकातली: पिवळसर दगडाच्या जाड भिंती, मधोमध गोल जिन्याचा बुरूज, दगडी पट्ट्यांनी चार भाग केलेल्या खिडक्या, आवारात पारव्यांचा मनोरा. बाजूला धान्याचं कोठार, पाव भाजायची भट्टी आणि तंबाखू वाळवायची लाकडी शेड. या तिन्हींची पाहुण्यांसाठी कॉटेज केली आहेत. इथे त्यांना जीत म्हणतात. पोहण्याचा तलाव, अक्रोडाची झाडं, चार हेक्टर जमीन. मालक ब्रिटिश दांपत्य. पडझड झालेलं घर घेऊन त्यांनी टप्प्याटप्प्याने ते उभं केलं. आता वय झालंय, नातवंडांजवळ परत जायचंय. मागतायत साडेसात लाख युरो, एजन्सीचं कमिशन धरून.

विचार असा की गढीत आळीपाळीने आपण राहायचं, कॉटेज भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यातून घराचा खर्च भागवायचा. पुण्याहून माझा भाऊही थोडे पैसे घालायला तयार आहे.

जाहिरातीत ‘संपूर्ण नूतनीकरण झालेलं, सामान आणा आणि राहायला लागा’ असं आहे. त्यावर किती विसंबायचं? काय बघू, काय विचारू?

अनघा_के

किती सुंदर! पारव्यांचा मनोरा आणि जिन्याचा बुरूज म्हटल्यावर मी तर लगेच नकाशा उघडून बसले.

घर कोणत्या महिन्यात पाहिलंत? जूनमध्ये जाड भिंतींचा गारवा सुखावतो. तेच घर फेब्रुवारीत बघा, आठवडाभर पाऊस लागून राहिल्यावर, कॉटेज रिकामी असताना. बंद खोल्यांत कोंदट वास येतो का, कपाटं भिंतीपासून सरकवली की मागे काळं धरलंय का, हे तेव्हाच कळतं. आणि बॉयलर कसला आहे ते विचारा. तेलावर चालणारा असेल तर तो बंद पडल्यावर तसाच नवा बसवता येणार नाही, जुलै २०२२ पासून फ्रान्समध्ये मनाई आहे. दुरुस्ती करून चालवता येतो.

चुनागच्ची

मी वाई-सातारा भागात वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. मधला काही काळ फ्रान्समध्ये दगडी बांधकामाच्या कार्यशाळेत काढला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नूतनीकरण झालेलं घर पडक्या घरापेक्षा तपासायला अवघड असतं, कारण दोष झाकले गेलेले असतात. या भिंती म्हणजे बाहेर एक दगडाचा थर, आत एक, आणि मधे माती-चुन्यात भरलेली खडी. खाली ओल रोखायला काही नसतं. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू उडून जाते. भिंत अशी शतकानुशतकं टिकते. नूतनीकरणात कुणी या सांध्यांत सिमेंट भरलं, तर ओल अडते आणि मग ती दगडातून वाट काढते. थंडीत ते पाणी गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. ओल्या अंगावर रेनकोट चढवून ठेवावा तसं होतं भिंतीचं.

तपासायला उपकरण लागत नाही. खिशातली किल्ली घ्या. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत चारही बाजूंनी सांधे खरवडून बघा. रंग करडा, किल्लीचा ओरखडा उठत नाही, कडा काचेसारखी टणक: सिमेंट. रंग भिंतीशी जुळणारा, वाळूचे कण हाताला लागतात, किल्लीने थोडी भुकटी पडते: चुना. सांधा शाबूत आणि दगडाचं तोंड मात्र आत गेलेलं दिसलं, तर तिथे नुकसान चालू आहे असं समजा. आपल्याकडे वाड्यांना सिमेंटचा गिलावा केल्यावर हेच झालं. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळलेला चुना काढून टाकला आणि भिंती पोखरल्या गेल्या. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की सिमेंटचा करडा सांधा दिसला की जीव तुटतो.

आतून भिंतींवर जिप्समचे तक्ते मारलेले असतील तर त्यामागे काय आहे ते विचारा. मागे काचलोकर कोंबली असेल तर ओल तिथे साचते. तुळयांची मधली बाजू सगळेच बघतात, तुम्ही टोकं बघा. तुळई भिंतीत शिरते तिथे पेचकस टेकवून दाबा. आत गेला तर ते टोक कुजलंय किंवा पोखरलंय.

छप्पर कशाचं आहे? त्या भागात काही जुन्या घरांवर लोझ नावाच्या चपट्या दगडांचं छप्पर असतं. त्याचं वजन चौरस मीटरला अर्धा टन आणि त्याहूनही जास्त भरतं, आणि ते घालणारे कारागीर आता थोडे उरलेत. कौलं असतील तर खर्चाचा आकडा एकदम खाली येतो.

आणखी एक. गढीच्या काही खिडक्या दगडांनी चिणलेल्या दिसल्या तर दचकू नका. १७९८ ते १९२६ फ्रान्समध्ये दारं-खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या. उघडायच्या तर मात्र परवानगी लागते.

मृण्मयी_तुलूझ

@चुनागच्ची, मनापासून आभार. छप्पर कौलांचं आहे, पारव्यांच्या मनोऱ्यावर मात्र लोझ आहेत. गढीचे सांधे मला चुन्याचे वाटले. कोठाराच्या भिंतीकडे तेवढं लक्ष गेलं नाही, पुढच्या खेपेला किल्ली घेऊनच जाते.

अजून माहिती: गढी स्वतः संरक्षित यादीत नाही, पण गावातलं चर्च आहे आणि घर त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतं. कोठाराचं काम मालकांनी बरंचसं स्वतःच्या हाताने केलंय, २०१८ मध्ये पूर्ण झालं. सामानाची बिलं आहेत, ठेकेदाराची नाहीत.

बोर्दोकर

मृण्मयीताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत सगळ्यात महत्त्वाचं आलंय.

फ्रान्समध्ये बांधकामाच्या ठेकेदारावर दहा वर्षांची जबाबदारी असते, तिला देसेनाल म्हणतात. काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांत इमारतीला धोका पोचवणारा किंवा ती वापरण्याजोगी न ठेवणारा दोष निघाला तर ठेकेदाराचा विमा भरपाई देतो, आणि घर विकलं तरी हा हक्क नव्या मालकाकडे येतो. मालकाने काम स्वतः केलं असेल तर दिवाणी संहितेनुसार विकताना तोच बांधणारा धरला जातो आणि जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे तुमच्या बाबतीत २०२८ पर्यंत. कागदावर हे छान दिसतं, पण विक्रेता पैसे घेऊन दुसऱ्या देशात गेल्यावर विमा नसताना वसुली कशी करणार? म्हणून कोठाराची तपासणी स्वतंत्र तज्ज्ञाकडून आत्ताच करून घ्या. खर्च तुमचा, पण तो करा.

दुसरं, परवानगी. शेतीच्या कोठाराचं राहतं घर करायला वापर बदलण्याची परवानगी लागते. गावच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, जाऊन फाईल मागा: परवानगीचा क्रमांक आणि काम पूर्ण झाल्याचं निवेदन. तंबाखूच्या शेडसाठी आणि तलावासाठीही हेच. घर संरक्षित चर्चपासून ५०० मीटरच्या आत असेल तर बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक बदलावर सरकारी वारसा वास्तुविशारदाचं मत घेतलं जातं. तसं मत घेतलं होतं का, तेही फाईलमध्ये दिसेल. विनापरवाना केलेलं कॉटेज विकत घेतलंत तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात येतं.

तिसरं, मैला. खेड्यात ड्रेनेज नसतं, सेप्टिक टाकी असते, आणि ती तपासायला सार्वजनिक सेवा आहे: स्पाँक. विक्रीच्या वेळी त्यांचा तीन वर्षांच्या आतला अहवाल लागतो. टाकी नियमात बसत नसेल तर विक्रीनंतर एका वर्षात ती नीट करायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची. इथे नेमकं बघायचं ते हे की टाकी किती माणसांसाठी आखलेली आहे. एका कुटुंबासाठी बसवलेल्या टाकीला पुढे तीन कॉटेज जोडली असतील तर ऑगस्टमध्ये ती तुंबणारच. नवी टाकी घालायला लागणारा खर्च किमतीतून कमी करून मागा.

विक्रेत्याने द्यायच्या अहवालांच्या गठ्ठ्यात हेही असतं: १९४९ पूर्वीच्या घराला शिशाचा अहवाल, जुलै १९९७ पूर्वी परवानगी मिळालेल्या बांधकामाला ॲस्बेस्टॉसचा, १५ वर्षांहून जुन्या वीजजोडणीचा, पूर आणि जमिनीच्या धोक्यांचा. दोर्दोन्यमध्ये वाळवीचाही, आणि तो सहा महिन्यांहून जुना चालत नाही. ऊर्जेचा दर्जा ए ते जी असा असतो. खालचा दर्जा असेल तर वेगळं ऊर्जा ऑडिट जोडावं लागतं, ते नीट वाचा. घर उबदार ठेवायला काय काय करावं लागेल हे त्यात खर्चाच्या अंदाजासह असतं.

शनिवारची_किल्ली

मी आणि नवरा शेजारच्या लोत जिल्ह्यात दुसऱ्याच्या मालकीची चार कॉटेज सांभाळायचो. त्या अनुभवावरून सांगते. तुम्ही घर घेताय तसा एक धंदाही घेताय, आणि दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत.

उन्हाळ्यात शनिवार हा पाहुणे बदलण्याचा दिवस. सकाळी दहाला जुने निघतात, दुपारी चारला नवे येतात. त्या सहा तासांत प्रत्येक कॉटेजच्या चादरी-अभ्रे काढायचे, बाथरूम धुवायची, ओव्हनमधलं चिकटलेलं खरवडायचं, फ्रिजमधलं उरलेलं टाकायचं, बार्बेक्यूची राख काढायची, ग्लास मोजायचे, तलावाच्या पाण्याची आम्लता तपासून क्लोरीन घालायचं. आणि तीन वाजताच एखादी गाडी फाटकाशी येऊन उभी राहते. मागच्या सीटवर पेंगुळलेली मुलं असतात, त्यांना ‘तासाभराने या’ म्हणवत नाही. पाहुणे रिवाजाप्रमाणे हसून बोलतात, मुलं पहिली उडी तलावात मारतात, आणि तेव्हा खरंच बरं वाटतं. मला ते काम आवडायचं. पण ते काम आहे, आणि ते कुणीतरी तिथे राहूनच करावं लागतं. तुलूझहून शुक्रवारी रात्री गाडी हाणत येऊन जुलै-ऑगस्टचे सगळे शनिवार तुम्ही काढणार का? तिन्ही घरांत मुलांच्या सुट्ट्याही त्याच आठवड्यांत येतात. म्हणजे गढीत राहायची प्रत्येकाची इच्छा आणि कॉटेजची खरी कमाई, दोन्ही त्याच काळात. सांभाळणारा माणूस ठेवायचा तर त्याचा पगार आधी हिशेबात धरा, मग काय उरतं ते बघा.

विक्रेत्याकडून मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि कर विवरणपत्रं मागा, नुसता ‘छान चालतं’ हा शब्द नको. किती आठवडे भरले, कोणत्या भावाने, किती पाहुणे परत परत येणारे, किती थेट आले आणि किती वेबसाइटवरून कमिशन कापून आले. ब्रिटिश मालकांकडे पाहुणेही बहुतेक ब्रिटिश असतात आणि ते माणसं पाहून येतात. मालक बदलल्यावर ते येतीलच असं नाही. पुढच्या उन्हाळ्याची आगाऊ बुकिंगं झाली असतील तर त्याची घेतलेली रक्कम तुमच्याकडे वळवायचं करारात लिहून घ्या.

तलावाला सुरक्षेचं साधन हवंच: कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा वर छत, यांपैकी एक. २००३ चा कायदा आहे, लहान मुलं बुडण्याच्या घटनांनंतर केलेला. कुंपणाचं फाटक आपोआप बंद होतं का ते स्वतः तीन-चारदा ढकलून बघा. यात अजिबात ढिलाई नको.

अनघा_के

@शनिवारची_किल्ली, किती नेमकं लिहिलंत. ही जीतची पद्धत मुळात शेतकऱ्यांसाठीच निघाली ना?

शनिवारची_किल्ली

हो. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडत होती, रिकाम्या शेतघरांचं करायचं काय हा प्रश्न होता. आल्प्सच्या एका डोंगरी भागात १९५१ मध्ये पहिलं जीत सुरू झालं, एमिल ओबेर नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने. १९५५ मध्ये जीत द फ्रान्स हा महासंघ उभा राहिला. दर्जा दाखवायला ते तारे देत नाहीत, गव्हाच्या लोंब्या देतात. सरकारी तारे वेगळे.

त्यावरून आठवलं: ते सरकारी तारे घ्याच. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरांवरची करसवलत कमी झाली. तारे नसलेल्या घराला सोप्या पद्धतीत आता १५ हजार युरोपर्यंतच्या भाड्यावर फक्त ३० टक्के वजावट मिळते. वर्गवारी झालेल्याला ५० टक्के, तीही पूर्वी ७१ टक्के होती. विक्रेत्याचा जुना हिशेब जुन्या सवलतीवर बेतलेला असणार, तो तुम्हाला तसाच लागू होणार नाही.

गढ_मढी

थोडा इतिहास, कारण घर घेताना आपण कुठल्या मातीत उतरतोय हे कळावं असं मला वाटतं.

मोंपाझिए १२८४ मध्ये वसवलं इंग्लंडच्या राजाने, पहिल्या एडवर्डने. तेव्हा हा सगळा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे होता. एलिनॉर ऑफ अक्विटेनने ११५२ मध्ये हेन्रीशी लग्न केलं आणि दोनच वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, तिथून ही गोष्ट सुरू होते. काटकोनात आखलेले रस्ते, मधोमध चौक, चौकाभोवती कमानी. अशा आखीव गावांना इथे बास्तिद म्हणतात आणि मोंपाझिए त्यातलं फार नीट टिकलेलं गाव आहे. पुढे शंभर वर्षांचं युद्ध चाललं, १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत इंग्रज हरले आणि शांतता आली. लढाईत उद्ध्वस्त झालेली घरं नंतर जमीनदारांनी पुन्हा बांधली. बुरूज ठेवायचा पण खिडक्या मोठ्या करायच्या, असं रूप त्यातून आलं. तुमच्या गढीचं वर्णन अगदी तसंच आहे. पारव्यांचे मनोरे हा अनेक प्रांतांत जमीनदारांचा मान होता. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री क्रांतीच्या सभेने सरंजामी हक्क रद्द केले, त्यात हाही गेला.

तिथून जवळच ल मिलांद नावाचा किल्लेवजा वाडा आहे, तो जरूर बघून या. जोसेफिन बेकरने तो १९४७ मध्ये विकत घेतला. पॅरिस गाजवलेली अमेरिकन नर्तकी, युद्धात फ्रेंच प्रतिकाराची साथीदार. वेगवेगळ्या वंशांची बारा मुलं दत्तक घेऊन तिने तिथे वाढवली, आणि वाड्याचा खर्च भागावा म्हणून हॉटेल, उपाहारगृह, मिनी गोल्फ, सगळं उभं केलं. लोक यायचे, पण खर्च भागेना. १९६८ मध्ये वाडा कर्जापायी विकला गेला आणि पुढच्या वर्षी तिला तिथून बाहेर काढलं. २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पाँतेआँमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या थोरांच्या स्मारकात, मानाचं स्थान दिलं. जगभर नाव असलेल्या बाईलाही पाहुण्यांच्या पैशावर तिथला वाडा पेलला नाही. तुमचं घर त्या मानाने खूप लहान आहे हे मान्य, तरी भाड्यातून खर्च निघेल हे गृहीत धरू नका. भाडं शून्य आलं तर दोन वर्षं आपण तग धरू शकतो का, हा हिशेब आधी मांडा.

सीए_सदाशिवपेठ

पुण्याच्या भावाबद्दल. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि परदेशात घर घेणं त्यात बसतं. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना जमा धरला जातो, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात. ही रोकड आधीच बाजूला काढा.

पैसे घातलेत तर त्याचं नाव मालकीत असू द्या. आणि दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात घर दाखवायचंच. नाही दाखवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, घर कितीही सरळ मार्गाने घेतलेलं असलं तरी. भाड्यावर फ्रान्समध्ये कर भरला की दोन देशांमधल्या करारामुळे इथे त्याचा लाभ मागता येतो.

बोर्दोकर

आता मालकीचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक आहे.

काहीच वेगळं केलं नाही तर तुम्ही सगळे सहमालक होता, अविभक्त. फ्रेंच दिवाणी संहितेचं ८१५ वं कलम सांगतं की कुणालाही अविभक्त मालकीत राहायची सक्ती करता येत नाही. एकाने ‘मला बाहेर पडायचंय’ म्हटलं आणि बाकीच्यांकडे त्याचा हिस्सा घ्यायला पैसे नसले, की प्रकरण कोर्टामार्फत विक्रीपर्यंत जाऊ शकतं. सहमालकांमध्ये करार करता येतो, पण मुदतीचा करार एका वेळी पाच वर्षांपर्यंतच, मग नूतनीकरण.

त्यात वारसा येतो. फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. युरोपीय नियमानुसार मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, पण २०२१ मध्ये फ्रान्सने त्यालाही थोडी मुरड घातली आहे. थोडक्यात, उद्या तुमच्यातल्या कुणाचं काही झालं तर त्यांची मुलं तुमची सहमालक होतील.

खानदेशी_ल्योन

बोर्दोकर, म्हणून तर सगळे एससीआय काढायला सांगतात ना? कंपनीसारखी संस्था, प्रत्येकाकडे हिस्से. बाहेर पडणाऱ्याने हिस्से विकायचे, घर विकायची पाळीच येत नाही. आमच्या गावी काकांच्या वाड्याच्या वाटणीत भिंत घालायची वेळ आली. दोन्ही घरांचं जेवण एका ताटात व्हायचं, आता चुलतभाऊ बोलत नाहीत. मृण्मयीताई, मैत्री टिकवायची तर नियम आधी लिहा.

बोर्दोकर

भाऊ, नियम आधी लिहा हे शंभर टक्के मान्य. पण एससीआय इथे डोळे झाकून नको. ती नागरी संस्था आहे. सजवलेली घरं नियमित भाड्याने देणं हा कायद्याने व्यापार, त्यामुळे ती कंपनीकराच्या कक्षेत जाते. मग वर सांगितलेली सोपी वजावट नाही, आणि पुढे घर विकताना नफा मोजायची पद्धतही बदलते. वापरापोटी काढलेली वर्षानुवर्षांची घट वजा करून उरलेली किंमत धरतात, त्यामुळे कर वाढतो. शिवाय मालकांनी गढीत फुकट राहणं हाही लाभ मानला जातो.

खानदेशी_ल्योन

तरीही तीन कुटुंबं आणि वर भाऊ म्हटल्यावर मला थोडा जास्त कर परवडेल, भांडण नाही.

बोर्दोकर

तेही खरं. गढी आणि कॉटेज वेगळ्या रचनेत ठेवायचा पर्यायही आहे. हे नोतेरकडे, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाकडे बसून, सगळ्यांच्या समोर ठरवा. आणि हे लक्षात ठेवा: विक्रेत्याचा नोतेर असला तरी तुम्ही आपला वेगळा नोतेर लावू शकता. फी वाढत नाही, दोघांत विभागली जाते. इंग्रजी बोलणारा शोधा म्हणजे स्लाऊच्या मंडळींनाही सगळं समजेल. कर आणि फी धरून किमतीच्या वर साधारण ७ ते ८ टक्के लागतील. घरातलं सामान विकत घेत असाल तर त्याची खरी यादी करून किंमत वेगळी दाखवा, तेवढ्यावर नोंदणीचा कर लागत नाही.

प्राथमिक करारावर सही झाली की विकत घेणाऱ्याला दहा दिवस असतात, कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर मात्र करारातल्या अटीच वाचवतात. कर्ज मिळण्याची अट असतेच. तुम्ही आणखी दोन घाला: कोठाराची परवानगी सापडणं आणि टाकीचा अहवाल समाधानकारक असणं. चार हेक्टर शेतजमीन असल्यामुळे साफेर या ग्रामीण जमीन संस्थेला आधी विचारावं लागतं, तिला तो सौदा स्वतःकडे घ्यायचा हक्क आहे. उत्तराला दोन महिने लागू शकतात. घाई करणाऱ्या एजंटचं ऐकू नका.

नीलिमा_स्लाऊ

मृण्मयी, धागा वाचला गं, आमच्याबद्दल मीच विचारते. आम्ही दोघं ब्रिटिश नागरिक आहोत. घर नावावर झालं की तिथे राहता येतं का? रिटायर झाल्यावर सहा-सहा महिने राहायचा आमचा विचार होता.

बोर्दोकर

नीलिमाताई, फ्रान्समध्ये घर घेतल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. ब्रेक्झिटनंतर तुम्हाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस शेंगेन भागात राहता येतं, बस. त्याहून जास्त राहायचं तर दीर्घ मुक्कामाचा व्हिसा काढा. ‘व्हिजितर’ प्रकारच्या व्हिसावर तिथे काम करता येत नाही, कॉटेजचा धंदा चालवायचा तर त्यासाठीचा वेगळा व्हिसा लागतो. कदाचित तुमचे विक्रेते विकण्यामागे हेही एक कारण असेल, विचारून बघा.

चुनागच्ची

@मृण्मयी_तुलूझ, चर्चा कायद्याकडे गेली ते बरंच झालं. मी पुन्हा भिंतीकडे येतो. सौदा जमला तर पहिल्या वर्षी काहीही मोठं काम काढू नका. चारही ऋतू घर नुसतं बघा. पाणी कुठून येतं, कुठल्या पन्हळीतून गळतं, कुठल्या भिंतीवर कधी ऊन पडतं. आणि तिथल्या एखाद्या जुन्या गवंड्याशी ओळख काढा. पेरिगोरमध्ये दगड घडवणारे अजून आहेत. त्यांना घराबद्दल जे दिसतं ते कुठल्या अहवालात येत नाही. मनोऱ्यावरचे लोझ सरकलेले दिसले तर ते पहिलं करा, तिथून पाणी शिरलं तर खालची लाकडं धरणार नाहीत. घर संरक्षित यादीत नसलं तरी फोंदासिओं द्यु पात्रिमोआन या संस्थेचं मानांकन मिळू शकतं. मिळालं तर बाहेरून दिसणाऱ्या दुरुस्तीवर करात सवलत मिळते. मनोऱ्यासाठी अर्ज करून बघाच.

मृण्मयी_तुलूझ

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मेरीतून कागद मिळायची वाट बघत होते.

कोठाराच्या वापर-बदलाची परवानगी सापडली, वारसा वास्तुविशारदाच्या मतासह. तंबाखूच्या शेडची नाही. मेरीतल्या बाईंनी माझ्यासमोर कपाटातले तीन गठ्ठे उलगडले, शेडचा कागद कुठेच नव्हता. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘ती तर आधीपासूनच उभी होती.’ उभी होती हे खरं, पण तंबाखूसाठी.

भर पावसात पुन्हा घर पाहून आलो, किल्ली घेऊन. गढी चुन्याची आहे, मन निवलं. कोठाराच्या उत्तरेकडच्या भिंतीला मात्र खालून छातीपर्यंत सिमेंट आहे, आणि एका ठिकाणी दगडाचं तोंड बोटभर आत गेलंय. फोटो काढलेत, इथे टाकते. टाकीच्या अहवालात क्षमता आठ माणसांची लिहिली आहे, आणि गढी धरून सगळं भरलं तर तिथे वीसच्या वर माणसं राहतात.

घर मात्र अजूनही हवंय. जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, त्या चढताना नीलिमाचा नवरा काही न बोलता भिंतीला हात लावत लावत वर गेला. आम्हा सगळ्यांना तेव्हा कळलं की मन कुठे आहे.

आता ठरलंय ते असं. शेड कॉटेज म्हणून मोजायचं नाही, किंमत दोनच कॉटेजवर बोलायची. नव्या टाकीचा आणि कोठाराच्या भिंतीचा खर्च कमी करून आकडा द्यायचा. शनिवारच्या कामाला गावातलीच एक बाई तयार आहे, सध्याही तीच येते, तिचा पगार धरून आणि भाडं शून्य धरून असे दोन हिशेब केले. दुसरा कसाबसा बसतो. आमचा वेगळा नोतेर बघितला, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात सगळे बसतोय, भाऊ व्हिडिओवर.

@चुनागच्ची, फोटोतली ती सिमेंटची पट्टी काढायची झाली तर दगड आणखी फुटणार नाही ना? आणि काढल्यावर भिंत सुकायला किती काळ उघडी ठेवायची?

चुनागच्ची

फोटो बघितले. दगड मऊ चुनखडीचा दिसतोय, तेव्हा यांत्रिक छिन्नी किंवा ग्राइंडर अजिबात नको. हाताने, बारीक छिन्नीने, सांध्याच्या मधोमध सुरुवात करून कडेकडे. एका वेळी हातभर रुंदीच काढा. काढल्यावर एक पूर्ण उन्हाळा उघडं राहू द्या आणि पुढच्या वसंतात चुन्याने भरा, हिवाळ्याच्या तोंडावर भरू नका, ओला चुना गोठला तर गळून पडतो. बोटभर आत गेलेला तो एक दगड बदलावाच लागेल. बाकीचे वाचतील असं वाटतंय. त्याच भिंतीच्या बाहेर जमिनीची पातळी आतल्या फरशीपेक्षा वर आहे का, तेवढं मोजून कळवा. वर असेल तर आधी माती उपसायची, भिंतीला हात नंतर.